आगवाल्याचा बिल्ला

तालुका शेवगाव, जिल्हा अहमदनगर
ता. ४ ऑगस्ट १९७२

प्रिय राधाकृष्ण,

आधी तिकडची खुशाली विचारतो. तुझ्याबरोबर कामाला असलेल्या बन्सीचा खोकला कसा आहे? मागावर उभं राहताना तोंडाला फडकं बांध म्हणावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्याच्या बायकोच्या, आपल्या छबूच्या गुडघ्यांची सूज उतरली का? तिला सांग, एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांध. सुरतेत एरंड मिळत नसला तर मीठ भाजून पुरचुंडीनं शेक. तिच्या थोरलीचे कान वाहत होते, ते थांबले का? धाकट्याला आता दात आले असतील. आणि तू कसा आहेस? मागच्या पत्रात उजव्या हाताचं बोट मागात सापडल्याचं लिहिलं होतंस. जखम ओली ठेवू नकोस. तुझा हात चार ओळी लिहिण्याइतका बरा झाला असावा, एवढंच मी सध्या देवाकडे मागतो. ते का, ते पुढं येईल.

इकडची खुशाली म्हणशील तर पाऊस नाही. आपल्या विहिरीचा तळ उघडा पडला आणि गाळात तांब्या सापडला. तुला आठवत नसेल, मच्छिंद्र पाच-सहा वर्षांचा असताना त्याच्या हातून पडला होता. त्याच्या बापानं, माझ्या भावानं सूर्यभाननं, त्यावर आपलं नाव घालून घेतलं होतं. इतकी वर्षं पाण्यात राहून अक्षर तसंच आहे. तुझ्या आईनं तो चिंचेनं घासून फळीवर ठेवला. तिला डाव्या डोळ्यानं आता अंधूकच दिसतं, पण तांब्या चमकतो की नाही एवढं तिला बरोबर कळतं. बैल शेवगावच्या बाजारी गेले. तुझी रतन आणि मच्छिंद्राची चांगुणा, दोघी जावा, रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात. हाताला फोड येतात, ते फुटले की दोघी एकमेकींच्या हाताला तेल लावतात. तुझा पोरगा भिंत धरून उभा राहतो. बारशाला आपण त्याचं नाव गोरक्ष ठेवलं, पण गावानं ते ठेवू दिलं नाही. लढाई जिंकली म्हणून सगळे त्याला विजय म्हणतात. मी एकटा गोरक्ष म्हणतो, तर तो माझ्याकडे बघत नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो. यातलं बरंच तुला ठाऊक आहे. तरी एकदा सरळ रेषेत लिहून बघू दे. आठ महिने मी ते वाकडं वाचत आलो आहे.

ही वाट मीच पाडली, हे आधी कबूल करतो. आपल्याकडे साठ हात खोल विहिरीतून पाणी ओढणारी माणसं. त्यातला मी मुंबईला गेलो आणि सगुणा टगवर आगवाला झालो. बावीस वर्षं तिच्या भट्टीत कोळसा मारला. मोठमोठी जहाजं, गावच्या गाव बसेल एवढी, आणि आमची सगुणा त्यांच्यापुढं शेळीएवढी. पण दोर लावला की ती त्यांना वेसण घातल्यासारखी गोदीत आणायची. वाचायला मी तिथंच शिकलो, इंजिन पुसायला दिलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर. एकेका अक्षरावर बोट ठेवून. अजून मला तसंच वाचता येतं, बोट जिथं आहे तेवढंच दिसतं.

सुगीला घरी यायचं तर खाडा नको, म्हणून मी माझा पितळी बिल्ला सूर्यभानच्या हाती द्यायचो. तो पंधरा दिवस माझ्या नावानं कोळसा मारायचा. बोटीवर त्यालाही कारभारीच म्हणायचे. सगळ्या गावच्या माणसांचं गोदीत असंच चालायचं आणि सारंग, म्हणजे बोटीचा म्होरक्या, बघून न बघितल्यासारखं करायचा. नेम एकच होता. बिल्ला हातातून हातात द्यायचा. खाली ठेवायचा नाही. खाली ठेवलेला बिल्ला मुकादम उचलतो आणि मग तो घराण्याचा राहत नाही. सूर्यभान गेला, मच्छिंद्राला मी तुझ्याबरोबर वाढवलं, एका ताटात जेवू घातलं. माझा दम गेला तेव्हा बिल्ला तुझ्या नावावर करून दिला आणि तुम्हा दोघांना समोर बसवून हा नेम सांगितला. तू मान हलवलीस. मच्छिंद्रानं तो पाळला.

दिवाळीनंतर रतनच्या बाळंतपणासाठी तू आलास आणि तो तुझा बिल्ला घेऊन महिन्याच्या बदलीवर गेला. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी लढाई लागली. सारंगाचं कार्ड आलं की सगुणा सरकारनं लढाईच्या कामाला घेतली, माणसांसकट, तर ज्याचा बिल्ला त्यानं यावं. तू निघालास. एस.टी.च्या थांब्यावर सरपंचांनी तुला हार घातला, पोरांनी घोषणा दिल्या, रतन ओली बाळंतीण असून दारापर्यंत आली. मी तुला शेंगांची चटणी दिली आणि वर एक शहाणपणही दिलं की मच्छिंद्राला लगेच परत पाठव, त्याच्या लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही.

पुढं काय झालं ते तूच मला लिहिलंस. गोदीच्या गेटसमोर पानाची टपरी आहे. तिच्या आडून तू बघितलंस. सगुणाला राखी रंग दिला होता, नाव पुसून आकडा घातला होता. मच्छिंद्र गेटच्या आत उभा राहून रस्त्याकडे बघत होता. तू लिहिलंस, तात्या, पाय उचलेना. उचलेना कसा? सुरतेच्या गाडीपर्यंत बरोबर उचलला.

हे वाक्य लिहिलं आणि पत्र बाजूला ठेवून पाणी पिऊन आलो. खोडणार होतो. राहू दे.

मार्गशीर्ष संपायच्या आत दोन साहेब जीपमधून आले. एकाच्या हातात कागद, एकाच्या हातात फुलांचं चक्र. कागद मीच वाचला, बोट ठेवून. सगुणा टग युद्धकार्यात बुडाली, तीवरील आगवाला राधाकृष्ण कारभारी. तुझं नाव येईपर्यंत मला पुढचं दिसलं नव्हतं, ते मोठ्यानं वाचलं गेलं. आमच्यापैकी कुणाला शंका आली नाही. सगळ्या गावानं तुला मुंबईला जाताना बघितलं होतं. मच्छिंद्र सुटला, दुसरीकडे कुठं कामाला लागला असेल, येईल, असं धरून चाललो. रतनच्या बांगड्या तुझ्या आईनंच फोडल्या. देह नव्हता म्हणून दर्भाचा पुतळा केला आणि मी माझ्या हातानं त्याला अग्नी दिला. दहाव्याला पिंड ठेवला तर कावळा हात धुवायच्या आत शिवला. लोक म्हणाले, पोराची काही इच्छा मागं राहिली नाही. दुष्काळातला कावळा, त्याला कुणाच्या इच्छेशी काय घेणं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तुझं पहिलं पत्र आलं. पोस्टमन अंगणात आला तेव्हा दोघी तिथंच होत्या, रतन तुळशीपाशी पोराला घेऊन, चांगुणा शेणकूट थापत. मी पहिल्यांदा मनात वाचलं. अक्षर तुझं. खाली नाव नाही, नुसतं ‘तुमचा मुलगा’. मी जिवंत आहे, कुणाला सांगू नका, पकडतील. राधाकृष्णा, मला आधी आनंद झाला. खोटं कशाला लिहू. माझा मेलेला मुलगा उठून बसला आणि माझ्या तोंडावर हसू आलं. मग बोट पुढच्या ओळीवर गेलं. ‘मच्छिंद्र बोटीवरच राहिला.’ ज्याला मी अग्नी दिला तो कोण होता हे मला त्या अंगणात उभ्या उभ्या कळलं. चांगुणानं माझं हसू बघितलं होतं. शेणाचे हात तसेच धरून ती म्हणाली, “मामंजी, ह्यांचं व्हय?” आणि मी हो म्हणालो.

बस, एवढंच केलं मी. एक हो म्हणालो. घरात वाचणारा मी एकटा. त्या दिवसापासून तुझं प्रत्येक पत्र मी मच्छिंद्राचं म्हणून वाचत आलो. तू रतनची खुशाली विचारलीस की मी चांगुणाची म्हणून वाचायचो. तू पोराबद्दल लिहिलंस की मी म्हणायचो, पुतण्याची आठवण काढतोय बघा. चांगुणा पत्र कपाळाला लावून घ्यायची आणि आपल्या पेटीत लुगड्याखाली ठेवायची. रतन बाजूला बसून दिराचं म्हणून ऐकायची. एकदा म्हणाली, भाऊजी अगदी ह्यांच्यासारखं लिहितात. मी म्हणालो, एका ताटात जेवलेले आहेत. तुझ्या आईला काही कळलं असेल तर ती बोलली नाही. मात्र मी वाचायला बसलो की ती उठून जाते.

तरी माझी एक वेडी आशा होती की मच्छिंद्र शेवटच्या घडीला उतरला असेल. ती चैत्रात सारंगानं मोडली. म्हातारा रत्नागिरीकडून एस.टी. बदलत बदलत आला, एका पायानं लंगडत. तुझ्या आईनं तांब्याभर पाणी दिलं तर अर्धं परत केलं, म्हणाला, बाई, जन्म पाण्यात गेला माझा, मला कमी लागतं. मला बांधावर नेऊन त्यानं सगळं सांगितलं. ना गोळी, ना बाँब. सामानानं भरलेला एक तराफा काठेवाडाकडे ओढून न्यायचा होता. तुला माहीत आहे, ओढायच्या दोराजवळ कुऱ्हाड कायम टांगलेली असते, वेळ पडली तर दोर तोडायला. पण मजबूत हवा म्हणून बोटीच्या शेटच्या माणसांनी या वेळी तारेचा दोर दिला होता. उजाडता उजाडता लाटेनं तराफा आडवा झाला आणि दोर टगच्या बगलेवर आला. मोटेचा नाडा आडवा झाला की बैल कसे विहिरीकडे ओढले जातात, तशी सगुणा ओढली गेली. सारंग कुऱ्हाड घेऊन धावला. तारेवर कुऱ्हाड काय करणार, ठिणग्या उडाल्या. मग त्यानं भट्टीच्या तोंडाशी ओरडून हाक मारली, राधा, वर ये. आणि खालून आवाज आला, ओ, आलो.

तुझ्या नावाला ओ देऊन गेला तो.

सारंगानं आणखी एक सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मच्छिंद्राला म्हटलं होतं, बिल्ला तुझा नाही, मला ठाऊक आहे, ताप आला असं सांगून तुला धक्क्यावर उतरवतो. मच्छिंद्र म्हणाला, भाऊ निघालाय घरून, येईलच. तो येईपर्यंत बिल्ला खाली ठेवता येत नाही, आमच्या तात्याचा नेम आहे. सारंग हे मला कौतुकानं सांगत होता. त्याला वाटलं, ऐकून बरं वाटेल.

त्या दिवशी तरी मी घरी येऊन बोलायला हवं होतं. नाही बोललो. रतनला सरकारनं शिवणाचं मशीन दिलं होतं, घराला जागा मिळणार असं तहसीलवाले म्हणत होते, पोरगं शहिदाचं म्हणून जो तो त्याला कडेवर घेत होता. तुला धरून नेतील ही भीती होती. आणि चांगुणाचं कुंकू होतं. कुठल्या बाजूनं हात घातला तरी कुणाचं तरी काहीतरी मोडणार होतं. मी म्हातारा माणूस, मला वाटलं, दोन-चार वर्षं अशीच वाचून काढीन आणि मरून जाईन. पुढचं ज्यांचं त्यांनी बघावं. असा विचार करणारा बाप तुला मिळाला, तर तू टपरीआड उभा राहिलास यात नवल ते काय.

हे मोडलं ते तुझ्या गेल्या पत्रानं. चांगुणा कामावरून आली, तोंडावरची धूळही न धुता समोर बसली, म्हणाली वाचा. मी नेहमीसारखं बोट ठेवून वाचायला लागलो. खाडाखोड करत वाचायचं आता अंगवळणी पडलं होतं, पण पुढची ओळ मला कधी दिसते? तू लिहिलं होतंस, ‘आता खोलीचं जमतंय, घरच्या माणसाला इकडं आणावं असं लई वाटतं.’ तू रतनबद्दल लिहिलंस. माझ्या तोंडून ते पूर्ण निघून गेलं आणि समोर चांगुणा बसलेली. तिनं पदर डोक्यावर घेतला. एवढी लाजलेली मी तिला तिच्या लग्नातही बघितली नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिनं माहेरी निरोप धाडला. पंचमी झाली की तिचा भाऊ आसाराम तिला सुरतेला पोचवणार. पेटी भरून झाली. मच्छिंद्राला आवडतात म्हणून खडीच्या कामावर खायला मिळालेल्या सुकडीचे लाडू वळले, स्वतः खाल्ली नाही. रतननं मशीनवर तिला दोन चोळ्या शिवून दिल्या. विधवा जावेनं सवाष्णीला शिवलेल्या चोळ्या. दोघी हसत होत्या. मी ओसरीवर बसून ते मशीन ऐकत होतो.

ती सुरतेला येणार, तुझ्या दारात उभी राहणार आणि दार तू उघडणार. हे मी डोळ्यांपुढं आणलं आणि काल दुपारी दोघींना चुलीपुढं बसवून सगळं सांगितलं. तुझी आई उंबऱ्यात उभी होती, या वेळी उठून गेली नाही.

रतन आधी बोलली. म्हणाली, “मग आमचे हात आठ महिने मोकळे ठिवले ते कुणासाठी?” तेवढंच म्हणाली. नवरा जिवंत आहे म्हटल्यावर बाई रडेल, हसेल, मी सगळ्याची तयारी ठेवली होती. तिनं पोराला माझ्या मांडीवर टाकलं आणि गोठ्यात जाऊन बसली. तिथं आता काही नाही, रिकाम्या दावणी आहेत. चांगुणा मात्र हसली. खरंच हसली. म्हणाली, “मामंजी, आजवर वाचलं ते खोटं म्हन्ता. मंग आज तोंडानं बोलताय ते खरं कशावरनं? म्या जाऊ नाई म्हणून रचलं असंल.” मी शपथ घातली. ती म्हणाली, “तुमची शपथ बी तुमीच वाचनार.” मग ती पेटीवर जाऊन बसली आणि अजून तिथंच आहे. त्या पेटीत तुझी सात पत्रं आहेत. रतन संध्याकाळी ती मागायला गेली तर चांगुणानं झाकण दाबून धरलं. ज्या दोघी एकमेकींच्या हाताला तेल लावायच्या, त्यांच्यात आता ती पेटी आहे.

हा कागद तुला का लिहिला ते आता सांगतो. पंधरा ऑगस्टला शाळेपुढं दगड बसवायचा आहे. त्यावर तुझं नाव कोरून झालं आहे. पाथरवटाला मी म्हणालो, थोडं थांब, तर तो म्हणाला, तात्या, दगडावरचं खोडता येत नाही, दुसरा दगड आणावा लागेल. आणू. चांगुणा म्हणते, पेटीतली पत्रं ती कुणाला उघडू देणार नाही; राधाभाऊजी जिवंत असतील तर त्यांनी आपल्या हातानं लिहावं, खाली आपलं नाव घालावं, आणि ते पत्र मामंजींनी नाही, शाळेतल्या श्रीमंत गुरुजींनी वाचावं, सगळ्यांपुढं. तरच ती कुंकू पुसेल. तिचं बरोबर आहे. या घरात माझं वाचणं संपलं. तेव्हा हे पत्र मंगळवारपर्यंत तुझ्या हाती पडेल, त्याच दिवशी बस आणि लिही. बोट दुखत असेल तर दुखू दे. तू जिवंत आहेस, बिल्ला तुझा होता, भट्टीत तो होता, एवढं लिही. धरायला कुणी आलं तर आधी माझ्या दारात येऊ दे, नेम माझा होता. दगडावर मच्छिंद्राचं नाव लागेल, त्याच्या नावाचा पिंड मी दुसऱ्यांदा ठेवीन, आणि या खेपेला कावळ्यानं मला बसवून ठेवलं तरी बसेन. पत्र गुरुजींच्या नावावर शाळेच्या पत्त्यावर टाक. ‘तुमचा मुलगा’ लिहू नकोस, तसे मला दोन होते. उशीर करू नकोस, पंचमीच्या आत लिही, आणि खाली तुझं पुरं नाव घाल.

तुझाच,
तात्या